वायूला प्रतिसाद देणाऱ्या नॅनोवाहिन्यांसाठी ट्रॅक-एच फॉइल: वापरानंतरचे परीक्षण

सजीवांच्या पेशीपटलातील आयनमार्गिकांवरून प्रेरणा घेऊन बनवलेल्या कृत्रिम नॅनोवाहिन्यांविषयी, आणि विशेषतः कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूमुळे उघडझाप करणाऱ्या वाहिन्यांविषयी, बरेच कुतूहलाने लिहिले जाते. ज्या पातळ प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात हे सारे घडते त्याच्या गुणदोषांची चर्चा मात्र बहुधा प्रयोगशाळेच्या दाराआडच राहते. म्हणून येथे परीक्षण करायचे आहे ते त्या पापुद्र्याचेच, म्हणजे ट्रॅक-एच पद्धतीने (आयनाचा माग रसायनाने कोरून) छिद्रे पाडलेल्या किंवा पाडण्याजोग्या पॉलिमर फॉइलचे. माझा वापर मुख्यतः १२ मायक्रोमीटर जाडीच्या पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे पॉलिएस्टर) फॉइलचा आहे. गाळणीसाठी तयार मिळणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या चकत्याही त्याच कामासाठी वापरून पाहिल्या आहेत. गाळणी म्हणून या वस्तू कशा आहेत हा प्रश्न येथे नाही. त्यांतून वायूला प्रतिसाद देणारी वाहिनी कितपत विश्वासाने घडवता येते, एवढ्यापुरतेच हे मत आहे.

निसर्गात हे काम कसे चालते हे आधी ध्यानात घेतले, तर फॉइलकडून काय मागायचे ते ठरवता येते. पानांवरील पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या रक्षक पेशींमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढला, की कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर त्याचे बायकार्बोनेट करते, त्या संकेतातून पेशीपटलातील एसएलएसी-१ ही ऋणायनांची मार्गिका उघडते, आयन आणि त्यांच्यामागोमाग पाणी बाहेर पडते, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटते. ही मार्गिका २००८ साली ओळखली गेली. डासांच्या बाबतीत तोंडाजवळील स्पर्शिकांवर असलेल्या चेतापेशी उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड टिपतात, आणि त्यावरूनच प्रेरणा घेऊन बीजिंगच्या संशोधकांनी २०१७ मध्ये या वायूने चालणारे कृत्रिम आयनद्वार प्रसिद्ध केले. पर्णरंध्राच्या उदाहरणातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेसाठी महत्त्वाची आहे: तेथे मार्गिकेपर्यंत संकेत पोहोचण्याआधी वायूचे पाण्यात विरघळलेल्या आयनात रूपांतर झालेले असते.

फॉइलमध्ये छिद्र पडते ते जड आयनामुळे. ब्रिटनमधील हार्वेल येथे १९५८ मध्ये यंग यांनी लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकात अणुविखंडनाच्या तुकड्यांचे माग रसायनाने कोरून दाखवले आणि १९५९ मध्ये तेथेच सिल्क व बार्न्स यांनी अभ्रकातले माग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पुढे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत फ्लायशर, प्राइस आणि वॉकर यांनी या तंत्राचा पाया विस्तारला आणि त्यातून न्यूक्लिपोअर या नावाची गाळणी बाजारात आली. आज बहुतेक ठिकाणी विखंडनाच्या तुकड्यांऐवजी कणत्वरकातील आयनशलाका वापरली जाते. जड आयन पॉलिमरमधून आरपार जाताना त्याच्या वाटेवरच्या साखळ्या तोडत जातो, आणि तो मोडलेला भाग अल्कलीत भोवतालच्या शाबूत पॉलिमरपेक्षा कितीतरी वेगाने झिजतो. एका आयनामागे एक छिद्र हा साधा हिशेबच या मालाचा सर्वांत मोठा गुण आहे. जर्मनीत डार्मस्टाट येथील जीएसआय संस्थेच्या युनिलॅक त्वरकावर तर फॉइलच्या मागे शोधक बसवून पहिला आयन आरपार गेल्याची नोंद होताच शलाका बंद केली जाते, त्यामुळे संपूर्ण फॉइलमध्ये मोजून एकच माग उरतो. एकाच वाहिनीचे वर्तन तपासायचे असेल तर याला तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हातात येते ती फॉइल दिसायला अगदी सामान्य पारदर्शक प्लॅस्टिकसारखी असते आणि माग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आयन जेथून गेला ती मधली जागा आणि आयन शिरल्याची बाजू वेष्टणावर खुणेने दाखवलेली असणे फार गरजेचे आहे. ज्या पुरवठादारांनी ही काळजी घेतली त्यांचा माल वापरताना कधी अडचण आली नाही. एका पुरवठ्यात मात्र ही खूण नव्हती आणि चौकशीला उत्तरही मोघम मिळाले. मधल्या भागाऐवजी कडेचा तुकडा कापला गेला, तर कितीही वेळ कोरले तरी छिद्र उघडत नाही, आणि दोष रसायनाचा की फॉइलचा हे कळायला मार्ग राहत नाही. फॉइल अंधारात ठेवावी, कारण अतिनील प्रकाशाने माग अधिक संवेदनशील होतो. हाच परिणाम आपण कोरण्यापूर्वी मुद्दाम घडवून आणतो, पण तो खिडकीतल्या उन्हाने आपल्या नकळत घडलेला परवडत नाही.

कोरण्याची पद्धत आता प्रस्थापित आहे आणि पीईटी तिला उत्तम साथ देते. दोन कप्प्यांच्या पात्रात मध्ये फॉइल घट्ट बसवून एका बाजूला ९ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि दुसऱ्या बाजूला १ मोलर पोटॅशियम क्लोराइड व १ मोलर फॉर्मिक आम्ल यांचे मिश्रण भरतात, दोन्हीकडे इलेक्ट्रोड बुडवून सुमारे एक व्होल्टचा दाब देतात आणि विद्युतप्रवाहावर नजर ठेवतात. माग आरपार उघडेपर्यंत प्रवाह जवळजवळ शून्य असतो. उघडताच अल्कली पलीकडच्या आम्लात जाऊन निष्प्रभ होते, त्यामुळे टोकाकडचे झिजणे मंदावते आणि छिद्राला नरसाळ्याचा आकार येतो. पॉलिइमाइडच्या फॉइलसाठी हेच काम गरम सोडियम हायपोक्लोराइट आणि पोटॅशियम आयोडाइडच्या जोडीने करतात. त्या फॉइलमध्ये प्रवाह अधिक स्थिर राहतो, पण कोरणे कटकटीचे आहे आणि खोलीत दिवसभर क्लोरीनचा वास राहतो, म्हणून नवख्या विद्यार्थ्याने सुरुवात पीईटीपासूनच करावी.

तयार झालेले छिद्र किती मोठे आहे हे सूक्ष्मदर्शकापेक्षा विद्युतवाहकतेवरून काढणे सोयीचे पडते, आणि या फॉइलचा एकसमान जाडीचा गुण तेथे कामी येतो. उदाहरणादाखल पाया ५०० नॅनोमीटर, टोक १० नॅनोमीटर आणि लांबी १२ मायक्रोमीटर धरली, तर १ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये एका व्होल्टला सुमारे ३.७ नॅनोअँपिअर प्रवाह अपेक्षित आहे. तेवढ्याच लांबीची, पण सर्वत्र १० नॅनोमीटर रुंद असलेली नळी असती तर तो जेमतेम ७० पिकोअँपिअरच्या आसपास राहिला असता. शंकूचा आकार केवळ शोभेचा नाही हे या एका आकड्यावरून स्पष्ट होते. एवढ्या लहान प्रवाहासाठी पिकोअँमीटर आणि धातूची पेटी लागतेच. आपल्याकडच्या पावसाळ्यात पात्राच्या बाहेरच्या अंगावर साचलेल्या ओलाव्यातून आणि मिठाच्या थरातून होणारी गळतीही याच मापाची असते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये पात्राच्या कडा कोरड्या ठेवण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

कोरलेल्या पीईटीच्या पृष्ठभागावर कार्बॉक्सिल हे आम्लधर्मी गट उघडे पडतात आणि उदासीन विद्रावात त्यांच्यावर ऋण प्रभार असतो. टोकाशी हा प्रभार प्रभावी ठरतो, कारण १० मिलिमोलर विद्रावात प्रभाराचा पडदा सुमारे ३ नॅनोमीटरपर्यंत आणि ०.१ मोलरमध्ये सुमारे १ नॅनोमीटरपर्यंत पसरलेला असतो, तर टोकाची रुंदी जेमतेम १० नॅनोमीटर. यामुळे वाहिनी एका दिशेने अधिक आणि उलट दिशेने कमी प्रवाह जाऊ देते. याच कार्बॉक्सिल गटांना ईडीसी नावाच्या जोडरसायनाने सक्रिय करून पाण्यातच हवा तो अमीन (नायट्रोजनयुक्त रेणू) बांधता येतो, आणि वायूला प्रतिसाद देण्याचे सारे कसब त्या बांधलेल्या रेणूत असते. हिस्टामिन हा त्यांपैकी सोपा आणि सहज मिळणारा पर्याय आहे. त्याच्या एका टोकाचा अमीन भिंतीला जोडला जातो आणि दुसऱ्या टोकाचे इमिडाझोल हे आम्लात धन प्रभार घेणारे वलय मोकळे राहते. पॉलिमरच्या साखळ्या वाढवायच्या असतील तर तृतीयक अमीन असलेल्या मेथॅक्रिलेटचा मार्ग आहे. त्यात साखळी फुगल्याने छिद्राची रुंदीही बदलते, मात्र १० नॅनोमीटरच्या टोकात साखळी किती लांब वाढली यावर नियंत्रण ठेवणे अवघड जाते.

प्रयोग ऐकायला सोपा वाटतो. दोन्ही कप्प्यांतील विद्रावात कार्बन डायऑक्साइड बुडबुडत सोडला की विद्राव आम्लधर्मी होऊन इमिडाझोलवर धन प्रभार येतो आणि प्रवाहाची आवडती दिशा उलटते. नायट्रोजन सोडून वायू हाकलून दिला की वाहिनी पूर्ववत होते. फॉइलने या चक्रात मला निराश केले नाही. सामू बदलण्यासाठी आम्ल आणि अल्कली आळीपाळीने घातले तर दर फेरीला विद्रावात क्षाराची भर पडत जाते आणि मूळ रेषा सरकत राहते, तर वायूच्या फेऱ्यांत काहीच मागे उरत नाही, हा या पद्धतीचा खरा फायदा आहे. त्रास आहे तो बुडबुड्यांचा. एखादा बारीक बुडबुडा छिद्राच्या रुंद तोंडाशी बसला की प्रवाह अचानक पडतो आणि ते दृश्य ‘द्वार मिटल्या’सारखेच दिसते. म्हणून वायू वेगळ्या बाटलीत विरघळवून मग तो विद्राव पात्रात घ्यावा, आणि वायू आधी पाण्यातून जाऊ द्यावा, म्हणजे बाष्पीभवनाने विद्रावाची तीव्रता बदलत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे यायला हवे, आणि तो फॉइलपेक्षा फॉइलच्या जोरावर केल्या जाणाऱ्या दाव्यांवर आहे. २५ अंश सेल्सिअसला एका वातावरण दाबाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सुमारे ३४ मिलिमोलर विरघळतो आणि शुद्ध पाण्याचा सामू ३.९ पर्यंत उतरतो. आपल्या उच्छ्वासातील सुमारे ४ टक्के वायूनेही तो ४.६ च्या आसपास येतो, आणि नुसत्या हवेच्या संपर्कात ठेवलेले पाणी ५.६ ला स्थिरावते. कोरलेल्या पीईटीवरील कार्बॉक्सिल गटांचा प्रभार अर्ध्यावर येण्याचा सामूही ३.८ च्या आसपासच आहे. याचा सरळ अर्थ असा, की काहीही न बांधलेली, कोरी वाहिनीसुद्धा कार्बन डायऑक्साइडला प्रतिसाद देते: तिचा निम्मा प्रभार जातो, प्रवाहाचा एकतर्फीपणा ढिला पडतो आणि नायट्रोजन सोडताच परत येतो. कोऱ्या फॉइलची ही रेषा शेजारी न ठेवता दाखवलेला कोणताही ‘वायुप्रतिसाद’ मी ग्राह्य धरणार नाही. सुदैवाने दोन्हींत फरक ओळखण्याची खूण आहे. कोऱ्या वाहिनीत एकतर्फीपणा कमी होतो, पण दिशा उलटत नाही. इमिडाझोल नीट बांधले गेले असेल तर ती उलटते. बांधणी अर्धवट झाली असेल तर परिणाम या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो, आणि घाईने काढलेले निष्कर्ष बहुतेक याच मधल्या जागेतून निघतात.

पण दिशा उलटली तरी ती वायूमुळे की आम्लतेमुळे हा प्रश्न उरतोच. हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू ३.९ वर आणून पाहिले तर इमिडाझोलची वाहिनी तशीच उलटते, म्हणजे येथे कार्बन डायऑक्साइड हा आम्ल आणून देणारा आणि मागमूस न ठेवता परत जाणारा वाहक आहे. यात कमीपणा काही नाही, मात्र तसे उघडपणे म्हटले पाहिजे. सामू स्थिर ठेवणारा बफर घातला की प्रश्न मिटतो असे समजणेही चुकीचे आहे: ७.४ सामूचा १० मिलिमोलर बफर एका वातावरण दाबाच्या वायूपुढे टिकत नाही, तो साडेपाचपर्यंत घसरतो. त्यापेक्षा सुमारे ०.१५ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेटचा विद्राव वायूने संपृक्त करावा. त्याचा सामू ७ च्या जवळच राहतो, आणि तरीही वाहिनीचे वर्तन तेवढ्याच सामूच्या आणि तेवढ्याच तीव्रतेच्या साध्या क्षारविद्रावापेक्षा वेगळे असेल, तर ती वायूला किंवा त्यापासून बनणाऱ्या बायकार्बोनेटला ओळखते असे म्हणायला आधार मिळतो. रक्षक पेशींनी हे ओळखण्याचे काम विकर आणि प्रथिनांच्या साखळीवर सोपवले आहे, आणि एका इमिडाझोल गटाकडून तेवढ्या कसबाची अपेक्षा करणे अवाजवी आहे.

इतर काही वायूंच्या बाबतीत निवड अधिक नेमकी होऊ शकते. भिंतीवर अ‍ॅझाइड गट बांधले तर हायड्रोजन सल्फाइड त्यांचे अमीनमध्ये क्षपण करतो आणि ऋण किंवा उदासीन भिंत धन होते. शेजारशेजारचे दोन अमीन असलेला बेंझिनचा रेणू बांधला तर ऑक्सिजनच्या उपस्थितीत नायट्रिक ऑक्साइड त्याचे ट्रायझोल वलय करतो. या अभिक्रिया सामूच्या साध्या चढउताराने घडत नाहीत, त्यामुळे दावा बळकट राहतो. परंतु त्या उलट फिरत नाहीत, म्हणजे एक वाहिनी एकदाच वापरायची. परत वापरता येणारी वाहिनी आंधळी आणि डोळस वाहिनी एकदाच वापरायची, अशी सध्याची कोंडी आहे. एकच माग असलेली फॉइल मिळवण्याचे कष्ट पाहता, एकदा वापरून टाकायच्या वाहिनीसाठी अनेक छिद्रांची फॉइल घेणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

तशी अनेक छिद्रांची तयार चकती हवी असेल तर बाजारात पॉलिकार्बोनेटची मुबलक मिळते, दहा-पंधरा नॅनोमीटरपासून कित्येक मायक्रोमीटरपर्यंत छिद्रांच्या मापांत. वायुप्रतिसादाच्या कामासाठी मात्र ती घेताना दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. पहिली म्हणजे पीव्हीपी या पॉलिमरचा लेप. गाळणीतून पाणी सहज जावे म्हणून अनेक उत्पादक हा जलस्नेही लेप देतात. गाळणीसाठी तो उपकारक असला तरी भिंतीवर रेणू बांधायचे असतील तर तोच आड येतो, म्हणून लेपविरहित प्रकार मागून घ्यावा. दुसरी गोष्ट द्रावकांची. पॉलिकार्बोनेट डायक्लोरोमिथेन व क्लोरोफॉर्ममध्ये विरघळते, तेव्हा बांधणीची अभिक्रिया पाणी किंवा अल्कोहोलपुरती मर्यादित ठेवावी लागते. पीईटी या बाबतीत बरेच सोशिक आहे. शिवाय माग विखुरलेले असल्याने काही ठिकाणी दोन छिद्रे एकमेकांत मिसळलेली असतात, आणि दहा नॅनोमीटरच्या मापात अशा जोडछिद्रांतून जाणारा प्रवाह निकालात नको तितका वाटा उचलतो. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट: चकत्यांमध्ये घातलेले रंगीत कागद हे निव्वळ विभाजक असतात, आणि दरवर्षी कोणीतरी नवा विद्यार्थी चकतीऐवजी तोच कागद पात्रात बसवतो.

अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) चकत्यांची छिद्रे अधिक सुबक आणि दाट असतात, सिलेन या जोडरसायनाने बांधणीही सुलभ होते. पण चिमट्याच्या धक्क्यानेही त्या तडकतात, आणि वारंवार आम्लात जाणाऱ्या प्रयोगासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवण्याची माझी तयारी नाही.

किंमत आणि उपलब्धतेच्या बाबतीत दोन्ही मालांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पॉलिकार्बोनेटच्या चकत्या प्रयोगशाळेच्या नेहमीच्या पुरवठादाराकडून मागवता येतात. एकच माग असलेली पीईटी फॉइल मात्र यादीतून विकत घेण्याची वस्तू नाही. तिच्यासाठी त्वरक असलेल्या संस्थेशी सहकार्य किंवा शलाकेच्या वेळेसाठी रीतसर प्रस्ताव लागतो, आणि तो वेळ वर्षातून ठरावीक काळातच मिळतो. भारतात नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात पॉलिमर फॉइलवर जड आयनांचा मारा करण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे, आणि मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातही पेलेट्रॉन त्वरक आहे. ज्यांना अनेक माग चालत असतील त्यांनी आधी देशातच विचारणा करावी. अशा त्वरकावर आयनांचा पल्ला पाहून फॉइलची जाडी निवडावी लागते, कारण १२ मायक्रोमीटरच्या पलीकडे न पोहोचणारा आयन आपल्या कामाचा नाही.

एकच वाहिनी तपासून वायुप्रतिसादाचे मूलभूत स्वरूप समजून घेणाऱ्यांना मी एकमागी पीईटी फॉइल नि:संकोच सुचवतो. विद्यार्थ्यांना तत्त्व दाखवायचे असेल किंवा अ‍ॅझाइडसारख्या एकदाच वापरायच्या रचना तपासायच्या असतील, तर लेपविरहित पॉलिकार्बोनेट पुरेसे आहे. घरातील हवेचा मापक किंवा कारखान्यातील गळती ओळखणारे उपकरण या फॉइलवर बनवू पाहणाऱ्यांनी सध्या थांबावे, कारण ती ओल्या विद्रावाशिवाय कामच करत नाही आणि तो विद्राव उपकरणात महिनोन्‌महिने टिकवून ठेवण्याचा प्रश्न फॉइल सोडवत नाही. मागणी नोंदवताना फॉइलची जाडी, आयनाचा प्रकार व ऊर्जा, दर चौरस सेंटिमीटरमधील मागांची संख्या, आयन शिरल्याची बाजू, आणि अतिनील प्रक्रिया आधीच झाली आहे की नाही, या बाबी लेखी मागून घ्याव्यात. शेवटच्या बाबीचे उत्तर न देणाऱ्याकडून फॉइल घेतल्यास कोरण्याचा वेळ दर तुकड्याला वेगळा निघतो.